नळी नेलिदाकडे राहिली

परदेश म्हणजे आमच्यासाठी नदीचा पलीकडचा काठ.
ब्वेनोस आइरेसच्या धक्क्यावरून बोटीनं सव्वा तास,
तरी जायला अठ्ठावीस वर्षं लागली.
टपाल खात्याच्या छाटणीघरात आम्ही चौघी
जगभरची पाकिटं ज्या त्या कप्प्यात टाकत राहिलो,
स्वतःला कुठल्याच कप्प्यात टाकलं नाही.

शेवटी निवृत्तीच्या पैशांतून तिकिटं काढली.
मिर्तानं यादी केली, इर्मानं ती हरवली,
आणि नेलिदा, जिनं आठवडाभर डोकं खाल्लं होतं
'ओळखपत्र, बायांनो, ओळखपत्र',
तिनं खिडकीपाशी पर्स उघडून
नवऱ्याचं ओळखपत्र पुढे केलं.
अधिकाऱ्यानं फोटोतल्या मिशा पाहिल्या.
मग तिच्याकडे पाहिलं.
'रोबुस्तियानो?' एवढंच विचारलं बिचाऱ्यानं.

आम्ही हसलो. ती नाही.
ते हसू अजून माझ्या घशात कुठेतरी अडकलेलं आहे.
'जा तुम्ही,' म्हणाली, 'पैसे काही परत मिळायचे नाहीत.'
काचेमागे ती लहान होत गेली,
खांद्यावर आम्हा सगळ्यांच्या खाण्याची पिशवी
तशीच.

बोट मध्यावर बंद पडली.
पाणी दुधाळ चहासारखं, आणि काठ
ना पुढे ना मागे.
इर्माला नव्या टोपीतच ओकारी झाली.
येर्बा प्यायचा भोपळा आमच्याकडे, पत्ती आमच्याकडे,
ओढायची नळी नेलिदाच्या पिशवीत.
मिर्ता कोरडी पत्ती हुंगत बसली,
म्हणाली, एवढंही पुरतं. पुरत नव्हतं.

कोलोनियात हॉटेलच्या बाईनं वही पुढेमागे चाळली.
'आहे की तुमची खोली. पुढच्या शनिवारी.'
आणि म्हणे आम्ही जन्मभर तारखांचे शिक्के मारले!
फोन लावला. नेलिदानं घरबसल्या
उंटावरून शेळ्या हाकायला घेतल्या :
'चर्च डावीकडे ठेवा. आता उतार.
आता पिवळी भिंत. दारावर पितळी हात असेल, तो वाजवा.'
आयुष्यात ती तिथे गेली नव्हती.
कधीतरी, दुसऱ्याच कुणाच्या पोस्टकार्डावर
तो दरवाजा तिनं छाटणीच्या टेबलावर पाहिला होता.

पितळी हात होता.

दार उघडलं ते एलबियो नावाच्या म्हाताऱ्यानं.
पडदे शिवायचा तो. शिलाईच्या खोलीत
कुठल्याशा नाट्यगृहाची लाल मखमल अंथरून
त्यानं आमची सोय केली, टाचण्यांसकट.

दुपारी भाड्याची छोटी बॅटरीगाडी घेतली.
दगडी चढावर तिनं मान टाकली.
मी ढकलत होते, इर्मा ढकलत होती,
मिर्ता आत बसून आम्हाला वळणं सांगत होती,
आणि माझ्या खिशातून नेलिदा :
'आता काय दिसतंय?'
'मिर्ताची पाठ.'
'रंग सांग.'
मी थांबले. नीट पाहिलं.
'जांभळा,' म्हटलं. 'मागे बोगनवेल आहे,
तिच्याहून थोडा विटका.'

रात्री एलबियो आम्हाला जुन्या धक्क्यावर घेऊन गेला.
आभाळ निवळलं की तुमचं शहर दिसतं, म्हणाला.
आणि खरंच, पाण्याच्या कडेला
उजेडाची एक फिकट टीप.
जिथे भाडी भरली, मुलं वाढवली, माणसं पुरली
ते गाव एवढंसं असेल असं वाटलं नव्हतं.
कुणी बोललं नाही. इर्मा नाक ओढत होती,
सर्दी असेल.

फोनवर नेलिदा : 'थांबा, गच्चीवर जाते.
रोबुस्तियानोचा मासेमारीचा दिवा आहे, भला मोठा.
तीनदा उघडझाप करीन. दिसला तर सांगा.'
आम्ही डोळे ताणले. वारा. काळं पाणी.
'दिसला!' मिर्ता ओरडली.
'दिसला,' इर्मा.
मीही म्हणाले, 'दिसला गं. तीनदा. अगदी स्वच्छ.'

तिकडे जरा वेळ नुसती धाप ऐकू आली.
'अगं बायांनो,' नेलिदा म्हणाली,
'लिफ्ट बंद आहे.
मी अजून तिसऱ्याच मजल्यावर आहे.'